पंजाबच्या डब्यातली सातवी वाटी

सकाळी साडेआठच्या सुमाराला मी मेडिकलचं शटर अर्धं वर करून वाकून आत शिरत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शोभावहिनींचा होता, पंजाबच्या बायकोचा. "मधुभाऊजी, हे उठूनच नाही राह्यले," त्या म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखाच होता, जणू पंजाब आळस करत पडलाय आणि मी येऊन त्याला दोन शिव्या घालाव्यात एवढंच त्यांचं म्हणणं. मी शटर तसंच अर्धवट टाकून पळालो. घर दोन गल्ल्या पलीकडे. पोचलो तेव्हा पंजाब डाव्या कुशीवर, हात उशीखाली घालून झोपला होता, आणि त्याचा चष्मा खिडकीत, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलेला होता. मागून डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. झोपेतच गेला, काही कळलंही नसेल, असं म्हणाले.

त्याला आता पाच आठवडे होतील. या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात, ते मी लिहिणारच आहे. पण आधी एक खरं सांगून टाकतो. पंजाब गेला हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, भीती वाटली. त्याच्या उशाशी उभा राहून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो... या माणसाला माझ्याबद्दल काय माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते तो कुठे ठेवून गेला.

मी मुळातच भित्रा. हे पंजाब आमच्या ओळखीत सगळ्यांना सांगायचा आणि त्यासाठी नववीतली एक हकिकत वापरायचा. आम्ही दोघं घरी न सांगता, तिकीट न काढता रेल्वेनं शेगावला गेलो होतो. स्टेशनावर टीसी समोर आला. तो आमच्याकडे आलाही नव्हता, नुसता बघत होता. पंजाब दुसरीकडे तोंड करून शीळ घालत उभा राहिला, आणि मी सरळ टीसीजवळ जाऊन माझं नाव, गाव, बापाचं नाव, पंजाबचं नाव, त्याच्या बापाचं नाव सांगून मोकळा झालो. पुढं चाळीस वर्षं पंजाबला हे पुरलं. "मध्याले काही विचारा नाही लागत," तो म्हणायचा, "त्याच्याकडं नुसतं पाह्यलं तं तो सारं सांगून टाकते." माझ्या लग्नात त्यानं हे माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं होतं. ते मला लागायचं, पण खोटं नव्हतं.

आमचं गाव तालुक्याचं. बुलढाणा जिल्ह्यात अशी गावं थोडीच आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, मी नाव लिहीत नाही. पंजाब आधी तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली टाईपरायटर घेऊन बसायचा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे कागद. पुढे नगरपरिषदेनं बसस्टँडजवळ गाळे बांधले, त्यातला एक मला मिळाला आणि शेजारचा त्याला. मधली भिंत प्लायवूडची. त्याच्या दुकानातलं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझ्याकडचं गिऱ्हाईक कोणत्या दुखण्याचं औषध नेतंय ते त्याला कळायचं. इन्व्हर्टर आम्ही दोघांनी मिळून घेतला. तो माझ्या बाजूला होता, कारण माझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असायचं. तिथून एक वायर प्लायवूडला भोक पाडून त्याच्याकडे गेली होती, त्याचा कॉम्प्युटर तिच्यावरच चालायचा. त्या वायरीचा फ्यूज माझ्याच भिंतीवर, फ्रिजच्या मागे, जुन्या पद्धतीचा, पांढऱ्या चिनी मातीचा. ओढला की हातात येणारा.

तेव्हा गावातलं टेंडर म्हणजे लाखेनं बंद केलेला लिफाफा. नगरपरिषदेच्या जिन्याखाली कुलूप लावलेली पेटी असायची आणि ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वेळेपर्यंत लिफाफा तिच्यात टाकायचा. त्या शेवटच्या दिवशी फाटकावर काही माणसं उगाच उभी असत. ती कुणाला अडवत नसत, शिवी देत नसत. पण जालन्याहून किंवा अकोल्याहून आलेला ठेकेदार त्यांच्यामधून आत जायचा नाही. समोरच्या हॉटेलात चहा पिऊन, लिफाफा बॅगेत तसाच ठेवून तो परत बसमध्ये बसायचा. चहा त्याला त्या उभ्या राहिलेल्यांनीच पाजलेला असायचा. नालीपासून शाळेच्या खोलीपर्यंत गावातलं प्रत्येक बांधकाम असं चहा पाजून ठरलेलं आहे, आणि आम्ही सगळे रोज त्याच्यावरून चालतो.

मग सगळं ऑनलाईन झालं. आता फाटकावर उभं राहून काय करतील, असं आम्हाला वाटलं. झालं भलतंच. आमच्या ठेकेदारांना गिट्टी कळायची, सळई कळायची, साहेबाची मर्जी कळायची, पण पासवर्ड कळायचा नाही. टेंडर भरायला प्रत्येकाला डिजिटल सही लागते. पेन ड्राईव्हसारखी बोटाएवढी वस्तू असते, ती कॉम्प्युटरला लावली की कागदावर सही केल्यासारखंच. गावातल्या सगळ्याच ठेकेदारांनी त्या सह्या काढल्या आणि हरवतील म्हणून पंजाबकडेच ठेवायला दिल्या. एकमेकांचं तोंड न पाहणारे हे लोक, पण त्यांच्या सह्या पंजाबच्या ड्रॉवरमध्ये शेजारीशेजारी. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

सह्या ठेवायला त्यानं शोभावहिनींचा जुना मिसळणाचा डबा आणला होता, स्टीलचा, सात वाट्यांचा. सहा वाट्या सह्यांना आणि सातवीत त्याची सुपारी. प्रत्येक सहीभोवती रबरानं गुंडाळलेली चिठ्ठी आणि तिच्यावर मालकाचं पूर्ण नाव, 'श्री.'सकट, त्याच्या जुन्या टाईपरायटरवर छापलेलं. कॉम्प्युटर आल्यावर टाईपरायटर तो फक्त या चिठ्ठ्यांसाठी वापरायचा. डब्याला जिऱ्याचा वास यायचा. एका मोठ्या ठेकेदाराच्या सहीला कितीतरी दिवस हळद लागलेली होती. "गावचा विकास माह्या बायकोच्या डब्यात हाये," असं तो म्हणायचा आणि सुपारी तोंडात टाकायचा.

पण त्याचा खरा नेम दुसराच होता. सगळी माहिती तो भरायचा, कागद तो जोडायचा, आणि दराच्या रकान्याशी आलं की खुर्चीतून उठून समोरच्याला तिथं बसवायचा. "आकडा तुम्ही टाका, मी चष्मा काढतो." चष्मा जाड भिंगांचा. तो काढला की त्याला समोरचा माणूस आहे की कपाट तेही कळायचं नाही. शर्टाच्या टोकानं तो काचा पुसत उभा राहायचा, आणि ठेकेदारानं "झालं" म्हटलं की पुन्हा डोळ्यावर चढवायचा. सगळ्यांचे दर त्याच्या कॉम्प्युटरवरून गेले आणि त्याला एकाचाही माहीत नव्हता. त्याचा पक्ष नव्हता, त्याला कुणाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसायचं नव्हतं. फाटकावरची माणसं गेली, पेटी गेली, आणि त्यांच्या जागी पंजाबचा काढलेला चष्मा आला. निदान सहा-सात वर्षं गाव त्यावर चाललं.

दोन वर्षांपूर्वी स्मशानभूमीच्या शेडचं टेंडर निघालं. जुनं शेड वादळात उडालं होतं आणि पावसाळ्यात आम्ही ताडपत्री धरून माणसं जाळत होतो, त्यामुळे या कामाकडे गावाचं लक्ष होतं. अशी कामं घेणारे आमच्याकडे एकच. त्यांना मी इथे साहेबराव म्हणतो. खरं नाव लिहायची माझी छाती नाही. त्या वर्षी मात्र सलीमनं भरायचं ठरवलं. सलीम हा एका गवंडी मिस्त्रीचा पोरगा, बापाबरोबर थापी धरत धरत मोठा झाला आणि नुकतंच त्यानं ठेकेदारीचं लायसन काढलं होतं. त्याची सही डब्यातली सगळ्यात नवी, सहावी. माझ्याकडे बापाची शुगरची गोळी न्यायला आला की काउंटरवर पेनानं मला त्या शेडचे खांब काढून दाखवायचा. "काळ्या मातीत पाया खोल न्या लागते, काका. खाली मुरूम लागेपर्यंत. नाहीतं माती फुगते अन् खांब ढकलते." त्याचा हिशेब असा, की प्रामाणिकपणे खोल खणूनही साहेबरावांपेक्षा कमी दरात बसतं.

हे साहेबरावांना कळलं. एका दुपारी ते स्वतः पंजाबकडे आले. प्लायवूडमधून मला सगळं ऐकू येत होतं. ते हळू बोलतात, ओरडताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. शेवटच्या दिवशी लाईन जाते कधीकधी, सर्व्हर बंद पडतो, कुणाचा दोष नसतो, असं काहीतरी ते सांगत होते. पंजाब हसत होता. मग म्हणाला, "साहेबराव, तुमची सही बी याच डब्यात हाये. आज सलीमची लाईन गेली तं उद्या तुमचीबी जाईन. मंग तुम्ही कोनाकडं जासान?" यावर साहेबरावही हसले. पंजाबला भीती कशी वाटत नाही, याचंच मला भय वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. खोकल्याचं औषध घेतलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी फार्मसीला आहे ना, विचारलं. चांगलं आहे म्हणाले, दुकान पुढे तिलाच चालवायचंय. मग गाळ्याच्या कराराची आठवण काढली, यंदा नवा करायचा असतो ना, नगरपरिषदेच्या बैठकीत विषय येईलच म्हणाले. बाटली खिशात घातली, आणि जाता जाता, जसं कुणी पावसाचं सांगावं तसं म्हणाले, "मधुकरराव, मंगळवारी तीनच्या आधी पंजाबभाऊच्या दुकानातली लाईन जाईन. तुम्ही घाबरू नका."

एवढंच. कुणी मला धमकावलं नाही, कुणी मला काही करायला सांगितलं नाही. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण फ्यूज माझ्या भिंतीवर होता आणि ते त्यांना माहीत होतं. गाळा गेला तर आपण काय आहोत, हा विचार मी त्या तीन-चार दिवसांत इतक्या वेळा केला, की शेवटी दुसरा विचार करायला डोक्यात जागाच उरली नाही. बायकोला सांगितलं नाही. पंजाबला सांगितलं असतं तर त्यानं पाच मिनिटांत वायर दुसरीकडून ओढली असती, आणि मला वाचवलंही असतं. त्याला सांगायचं म्हणजे त्याच्याकडे बघावं लागलं असतं... ते मला जमलं नाही.

मंगळवारी सलीम दोन वाजताच आला. धुतलेला शर्ट, हातात फाईल. तीन वाजता टेंडर बंद होणार होतं. शेवटचा एक दाखला त्याला तासाभरापूर्वीच मिळाला होता, म्हणून एवढा उशीर. पलीकडे पंजाब एकेक कागद जोडत होता, मोठ्यानं वाचत होता. साइट हळू चालत होती. पावणेतीन झाले. मग त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बस, सलीम. आकडा तू टाक, मी चष्मा काढतो."

मी फ्रिजच्या मागे हात घातला आणि फ्यूज ओढला.

पलीकडे कॉम्प्युटरचा आवाज थांबला. एवढ्या शांततेची मला सवय नव्हती. फ्यूज हातात गरम लागत होता, की माझाच हात गरम होता, कुणास ठाऊक. पंजाबच्या चपला वाजल्या तसा मी तो काउंटरखालच्या रिकाम्या खोक्यात टाकला आणि तेव्हा लक्षात आलं, की माझ्या डोक्यावरचा पंखा चालू आहे. मी बटण बंद केलं. पंजाब दारात आला तेव्हा पाती अजून फिरत होती. तो वर बघत होता. पण त्याचा चष्मा त्याच्या हातात होता, सलीमसाठी काढलेला, आणि चष्म्याशिवाय त्याला पंखा काय, छतही दिसत नाही... हे मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं आणि ते घट्ट धरून ठेवलं.

"तुह्याकडची बी गेली काय बे, मध्या?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. फ्यूज जळाला वाटतं, बघतो, म्हटलं. त्याच्या देखत खोक्यातून फ्यूज काढता येईना, म्हणून ड्रॉवरमधला नवा शोधायला लागलो. तो हाताला लागत होता, तरी मी शोधत राहिलो. दुसऱ्या दुकानात जाऊन भरायचं तर तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. सलीम बाहेर येऊन माझ्या दारात उभा राहिला. माझ्या हातांकडे बघत राहिला, मदत करायला यावं का अशा नजरेनं. नवा फ्यूज मी लावला तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्यानंतर पंजाबनं केलं ते मला आजही पुरतं कळत नाही. त्यानं चष्मा घातला, सलीमच्या खांद्यावर हात ठेवला आणि रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चूक माही हाये, सलीम. वायरिंग मी कधीच बदलायले पाह्यजे होती." सलीम फाईल छातीशी धरून निघून गेला.

संध्याकाळी पंजाब रोजच्यासारखा रिकामी खोकी न्यायला आला. औषधांची खोकी तो फॉर्म ठेवायला वापरायचा. मी गिऱ्हाइकात होतो. काउंटरखाली हात घालून त्यानं सगळी उचलली आणि गेला. दुकान बंद करताना मी तो फ्यूज काढायला वाकलो, तर खोकं नाही. त्या रात्री मी झोपलो नाही हे वेगळं सांगायला नको. सकाळी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, कालची खोकी कुठं आहेत. "रद्दीत गेली," तो म्हणाला. माझ्या अंगात जीव आला.

शेड साहेबरावांनी बांधलं. माझा गाळ्याचा करार एका बैठकीत, चर्चेविना नवा झाला. आणि गावात कुजबुज सुरू झाली, की पंजाब विकला गेला. ती कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण पसरायला आठवडाही लागला नाही. त्यानंच सगळ्यांसमोर चूक कबूल केलेली, त्याच्या बाजूनं कोण बोलणार? ठेकेदार येऊन आपापल्या सह्या घेऊन गेले. सगळ्यात पहिले साहेबराव आले. "पंजाबभाऊ, तुमच्या लाईनीचा काही भरोसा नाही," असं म्हणून त्यांनी सही मागितली, आणि पंजाबनं चिठ्ठी सोडून त्यांच्या हातात ठेवली. पाच वाट्या रिकाम्या झाल्या. सलीमची सही मात्र तिथेच राहिली, तो मागायला आलाच नाही. पुढे पंजाबकडे शिधापत्रिकेचे अर्ज आणि पोरांचे परीक्षेचे फॉर्म तेवढे उरले. मी मूग गिळून बसलो.

तरी तो रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा. चहा व्हायचा, मग खोकी. फक्त एक नवी सवय लागली होती त्याला. माझ्या दुकानात शिरला की चष्मा काढायचा आणि जाईपर्यंत पुसत बसायचा. मी विचारलं तर म्हणाला डोळे चुरचुरतात. मी त्याला डोळ्यात टाकायचे थेंब दिले. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारायचो, आणि तो हो म्हणायचा, मी पुन्हा बाटली द्यायचो. एवढं तरी त्याच्यासाठी करतोय, असं मला वाटायचं. कितीदा तोंडावर आलं होतं, की पंजाब, ऐक... पण तो खाली मान घालून काच पुसत असायचा आणि माझ्याकडे बघायचाच नाही. कुणी बघितलं नाही तर मला बोलता येत नाही.

त्याला नेलं त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं. चिता त्याच शेडखाली रचली. दोन वर्षांत शेडचे दोन खांब तलावाच्या बाजूला झुकलेत, वरचे पत्रे वाऱ्यानं वाजत राहतात. आमच्याकडे आता एक रीतच पडली आहे, त्या शेडखाली फक्त मेलेला माणूस जातो आणि चितेला हात लावायला चौघं. बाकीची माणसं टोपी-रुमाल डोक्यावर धरून उन्हात उभी राहतात. साहेबरावही आले होते, तेही उन्हात उभे होते. शेडखाली एकटा सलीम उभा होता, झुकलेल्या खांबाजवळ. त्यानं बोटाच्या पेरानं तो खांब एकदा ठोकून बघितला, जसा त्याचा बाप ठोकायचा, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. पंजाब जळत होता आणि वर पत्रा वाजत होता.

तेरवीनंतर शोभावहिनींनी मला घरी बोलावलं. दुकानातलं सामान त्यांनी घरी आणलं होतं. डबा समोर ठेवला. "याच्यात कोनाची सही राह्यली हाये म्हनत होते हे. तुम्हीच देऊन टाका, भाऊजी." मग आठवण झाल्यासारखं त्यांनी पिशवीतून थेंबांच्या बाटल्या काढल्या. सगळ्या सीलबंद. मी दिलेल्या सगळ्या. "हे बी घेऊन जा, वाया जाईन. त्याईच्या डोळ्याले काही नव्हतं. चार महिन्यांआधीच तं बुलढाण्याले दाखवून आणलं." मी विचारलं, मग चुरचुरतं म्हणायचे ते? त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. घरात त्याचा चष्मा झोपेपर्यंत डोळ्यावरच असायचा, असं म्हणाल्या.

डबा मी दुकानात आणून उघडला. दुपार होती, शटर अर्धं खाली ओढलं. जिऱ्याचा वास अजून होता. पाच वाट्या रिकाम्या. सहावीत सलीमची सही, चिठ्ठीसकट. आणि सातवीत, जिथे त्याची सुपारी असायची तिथे, पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज. आतली तार शाबूत होती, कुठेही काळी पडलेली नव्हती. त्याच्याभोवती रबरानं चिठ्ठी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर टाईपरायटरच्या टपोऱ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव, 'श्री.'सकट. आयुष्यभरात त्यानं मला मध्याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

म्हणजे खोकं रद्दीत गेलंच नव्हतं. म्हणजे त्याला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. दोन वर्षं लोक त्याला विकलेला म्हणत होते, आणि तो रोज माझ्या दारात येऊन आधी चष्मा काढत होता, कारण माझ्याकडे बघितलं तर मी सगळं सांगून टाकीन हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला त्यातून वाचवत होता, की माझं कबूल करणं त्याला सोसलं नसतं... विचारायला आता तो नाही. त्या दिवशी मात्र मी रडलो. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

गाळ्याचा करार पुढच्या वर्षी पुन्हा बैठकीत येईल. हा लेख त्याआधी छापून येईल आणि साहेबराव पेपर वाचतात. मुलीला मी सगळं सांगितलं आहे, ती घाबरली नाही, मीच घाबरलो आहे.

सलीमला मी परवा बोलावून घेतलं. तो आला, काउंटरवरच्या डब्यातली आपली सही उचलली, चिठ्ठीवरचं नाव वाचून थोडा हसला. मग त्याला शेजारची वाटी दिसली. "हे काय होय, काका?" त्यानं विचारलं. माझा हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे गेला. मी तो काढला. सलीमचा चेहरा पुसट झाला, नुसता निळा शर्ट राहिला, आणि त्या निळ्या शर्टाला काहीही सांगणं सोपं होतं. जुना फ्यूज आहे, पंजाबची आठवण, एवढं म्हटलं असतं तरी तो गेला असता. मी शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या. पंजाबनं पुसल्या असत्या तितका वेळ पुसल्या. मग चष्मा घातला.

"सलीम," मी म्हणालो, "माह्याकडं पाह्य."

तो पाहू लागला, आणि मी सगळं सांगून टाकलं, शेगावच्या स्टेशनावर सांगितलं होतं तसं.